बालवर्गातली विशेष गरजा असलेली मुलं: निदानाची वाट न बघता वर्गात काय काय करता येतं?

शाईपेन

मी तीन ते पाच वयाच्या मुलांना शिकवते. यंदाच्या वर्गात तिघं अशी आहेत, ज्यांना आमचा नेहमीचा साचा लागू पडत नाही.

एका मुलीला डाउन सिंड्रोम आहे. ते कागदावर आहे, थेरपी चालू आहे, तिथे हातांच्या खुणा शिकवतात, आईवडील मोकळेपणाने बोलतात. दुसरा मुलगा साडेतीन वर्षांचा. बोलतो भरपूर, पण बरीचशी वाक्यं आपण बोललेलीच परत म्हणतो. तहान लागली की माझ्याकडे येऊन "पाणी हवं का?" असं मलाच विचारतो. खेळ आवरायची वेळ झाली की कान झाकून जमिनीवर आडवा होतो, मग पुढचा बराच वेळ रडारड. त्याच्या घरी विषय काढला की "मुलगे उशिराच बोलतात" हे ठरलेलं उत्तर येतं. तिसरी मुलगी कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरी अखंड बडबड करते म्हणे, वर्गात एक शब्द नाही.

मी विशेष शिक्षणाचा कोर्स केलेला नाही. वर्गात मी आणि एक मदतनीस. दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलाबाबत तज्ज्ञांकडून काही लेखी हातात येईपर्यंत थांबायचं, की आत्ता काही करता येईल? "धीर धरा" सोडून काहीही लिहा.

कवडसा

माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, आता मोठा झालाय. पालकाच्या बाजूने लिहिते.

थांबू नका. निदान लागतं ते थेरपीची दिशा ठरवायला, सवलतींना, हक्कांना. आवरायच्या आधी चित्र दाखवायला किंवा मुलाची बसायची जागा बदलायला कुणाचा सहीशिक्का लागत नाही. आणि समजा पुढे तज्ज्ञ म्हणाले की सगळं ठीक आहे, तर चित्र दाखवल्याने कुणाचं काय बिघडलं?

घरच्यांशी बोलताना मात्र जपून. "याला काहीतरी आहे" हे वाक्य ऐकलं की आईबापांचे कान बंद होतात. आम्हाला एका ठिकाणी दारातच, बाकीचे पालक उभे असताना, "डॉक्टरांना दाखवून घ्या" असं सांगितलं. आम्ही भांडून आलो आणि शाळा बदलली. नव्या ताईंनी आम्हाला बसवलं, आधी त्याला काय आवडतं ते सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "नाव घेतलं की वळत नाही, पण बाहेर गाडी थांबली तर सगळ्यात आधी याला कळतं. घरी कसं असतं?" बस. रोगाचं नाव नाही, सल्ला नाही. त्या रात्रीपासून आम्ही स्वतःच बघायला लागलो. पुढचं सगळं त्या "घरी कसं असतं?" मुळे झालं.

उच्चारण

स्पीच थेरपिस्ट आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

आधी कान. बोलण्याबद्दल शंका असलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी झालीच पाहिजे, मग ते आवाजाने दचकत असलं तरीही. या वयात कानाच्या पडद्यामागे पाणी साठणं फार सर्रास आढळतं, बहुतेक मुलांना शाळेच्या वयाआधी एकदा तरी होतं. पुष्कळदा तीनेक महिन्यांत आपोआप बरं होतं. पण तोवर मूल सगळं पाण्याखालून ऐकल्यासारखं ऐकतं. एक दिवस ऐकू येतं, एक दिवस नाही. वर्गात त्याचं नाव पडतं "लक्ष नसतं". पालकांनाही "कान तपासून घेऊ या" हे "मूल तपासून घेऊ या" पेक्षा सोपं जातं, हा आणखी एक फायदा.

आता "पाणी हवं का?" बद्दल. याला इकोलेलिया म्हणतात. ते निरर्थक बडबडणं असतं असं पूर्वी सरसकट समजलं जायचं. बॅरी प्रिझंट यांनी १९८० च्या दशकात या मुलांच्या बोलण्याचा बारकाईने अभ्यास केला आणि दाखवलं की त्यात मागणं असतं, नकार असतो, स्वतःला धीर देणं असतं. तुमचा विद्यार्थी पाणी मागतोय. त्याला वाक्य आख्खंच सापडलंय, पाणी मिळण्याच्या प्रसंगाला चिकटलेलं. त्याला "नीट बोल" म्हणू नका, "मला पाणी हवं म्हण" असंही नको, कारण तो प्रामाणिकपणे "मला पाणी हवं म्हण" असंच म्हणेल. त्याच्या बाजूने उभं राहून नुसतं म्हणा, "मला पाणी हवं", आणि पाणी द्या.

प्रश्न कमी करा. दिवसभरात आपण या मुलांना "हे काय आहे? रंग कोणता? कोणी केलं?" असं किती विचारतो ते एकदा मोजून बघा. त्याऐवजी तो जे करतोय ते बोला: "गाडी घसरली. धाडकन पडली." आणि मग गप्प बसा. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमध्ये मोजून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागतात. हे सर्वसाधारण मुलांबद्दल आहे. तुमच्या या मुलासाठी मनातल्या मनात दहा मोजा. फार अवघड जातं, मला अजूनही जातं.

खडूस_काका

मी शिक्षक नाही, आजोबा आहे. कटू वाटेल पण लिहितो. वीस-पंचवीस मुलं, दोन बायका. त्यात एकाला चित्रं दाखवायची, एकीला खुणा करायच्या, एकीच्या बोलण्याची वाट बघायची. उरलेल्या मुलांनी काय करायचं? अशा मुलांसाठी वेगळ्या, प्रशिक्षित माणसांच्या शाळा असणं जास्त दयाळूपणाचं नाही का?

वाटसरू

काका, प्रश्न रास्त आहे, पण दोन गोष्टींची गल्लत होतेय. माणसं कमी आहेत हे खरंच आहे आणि त्याबद्दल संस्थाचालकांशी भांडायला हवं. पण त्याची शिक्षा मुलाला का? १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका इथे ९२ देशांच्या सरकारांनी मिळून जाहीर केलं की मुलाने जवळच्या सर्वसाधारण शाळेत शिकावं आणि शाळेने त्याच्याप्रमाणे बदलावं. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात कलम २४ मध्ये हेच हक्क म्हणून आलंय. जाहीरनाम्यांनी हातात तिसरी बाई येत नाही, हे मान्य.

दुसरं म्हणजे तुम्ही "उरलेली मुलं" म्हणता, त्यांच्यातही अशी असतात ज्यांना कुणी ओळखलेलं नाही. भाषाविकासाची अडचण, म्हणजे इतर काहीही कारण नसताना भाषाच नीट न उमगणं, साधारण शंभरात सात मुलांना असते. पंचवीसच्या वर्गात एखाददोन निघणारच. फळ्याशेजारी दिवसाचा क्रम चित्रांनी लावला तर त्यांनाही तेवढाच उपयोग होतो. एकासाठी केलेलं बाकीच्यांच्या वाट्याचं काढून घेत नाही, बहुतेक वेळा.

(मी ओटी आहे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं जमावीत यासाठीची थेरपी. टायपायच्या कंटाळ्यामुळे बाकीचं नंतर.)

खडूस_काका

"बहुतेक वेळा" हे प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून पुढे वाचतोय.

तिसरीघंटा

शाईपेन, मी पण बालवर्गावरच आहे. तुझ्या त्या आडव्या होणाऱ्या मुलाबद्दल.

तो आडवा झाल्यावर काय करायचं हे सध्या सोडून दे. आडवा व्हायच्या आधीची दोन-तीन मिनिटं बघ. एक वही घे, तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. "चिडला", "हट्ट केला" असले शब्द लिहायचे नाहीत, कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच. कोण जवळ होतं, आवाज कसला होता, आधी काय चालू होतं. मदतनीसताईंनाही लिहायला सांग, कारण तू पुढे असतेस तेव्हा मागे काय चाललंय ते त्यांनाच दिसतं. आठवडाभरात काहीतरी वर येतं.

तोवर एक "आत्ता–नंतर" पट्टी कर. पुठ्ठ्याचा तुकडा, दोन चौकोन. डावीकडे आत्ता चाललंय त्याचं चित्र, उजवीकडे पुढच्याचं. तुझ्याच वर्गातले फोटो काढून लाव. छापील कार्टून नको, तुमच्याच डब्याचा आणि तुमच्याच घसरगुंडीचा फोटो. आवरायच्या आधी त्याच्या उंचीला बसून दाखवायची. वाळूचं घड्याळ असेल तर तेही शेजारी ठेव, "पाच मिनिटं" हा शब्द त्या वयात कुणालाच कळत नाही, वाळू संपलेली दिसते.

वाटसरू

> आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं

+१. फक्त एक पुरवणी: "नंतर काय झालं" मध्ये मोठ्या माणसांनी काय केलं तेही लिहा. खूपदा तिथेच गोम असते.

चित्रक्रमाची ही पद्धत रुजवली ती एरिक शॉपलर यांनी. नॉर्थ कॅरोलिनात १९७२ पासून त्यांचा टीच नावाचा कार्यक्रम चालू झाला. मुलाला बदलण्याआधी जागेची मांडणी बदला, हा त्यांचा आग्रह. कुठे बसायचं, किती काम, कधी संपणार, संपल्यावर काय, एवढ्याची उत्तरं न बोलता डोळ्यांना दिसली पाहिजेत. आपण मोठी माणसं डायरी, कॅलेंडर, फोनवरचे अलार्म यांच्या आधाराने जगतो आणि तीन वर्षांच्या मुलाने सगळं तोंडी लक्षात ठेवावं असं म्हणतो!

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीबद्दल: तिचे स्नायू सैल असणार. मांडी घालून बराच वेळ बसणं तिला शारीरिक कष्टाचं आहे, त्यामुळे ती लवंडते, शेजारच्यावर रेलते आणि तिला "नीट बस" ऐकावं लागतं. पाठ टेकायला भिंत द्या. खुर्चीत बसत असेल तर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. लोंबकळत असतील तर पायाखाली ठोकळा ठेवा. पाय टेकल्यावर हातांचं काम किती सुधारतं ते बघाच. जाड खडू, पेन्सिलचा लहान तुकडा. आणि नजर व श्रवण दोन्हीची नियमित तपासणी, कारण या मुलांत दोन्हीच्या अडचणी बऱ्याच आढळतात.

शाईपेन

सगळ्यांचे आभार. थोडा वेळ गेला, आता जरा सांगण्यासारखं आहे.

वहीचा उपयोग झाला. मला वाटत होतं त्याला खेळ सोडायचा नसतो. वहीत दिसलं ते असं: आवरायचं गाणं सुरू होतं तेव्हा तो ठीक असतो, कधी कधी स्वतः गुणगुणतो. मग बाकीची मुलं खुर्च्या ओढत भिंतीकडे नेतात आणि फरशीवर त्या घासण्याचा आवाज होतो. कान झाकणं तिथे. ज्या दिवशी आम्ही बाहेर होतो आणि खुर्च्या हलल्याच नाहीत, त्या दिवशी आवरणंही शांतपणे झालं. मदतनीसताईंनी हे आधी पकडलं, मी नाही.

खुर्च्यांच्या पायांना खालून जाड कापडाच्या चकत्या चिकटवल्या. आणि आवरायची पट्टी दाखवून त्याला ठोकळ्यांची पेटी बाहेरच्या कपाटात ठेवायचं काम दिलं, म्हणजे खुर्च्या हलताना तो खोलीत नसतोच. आडवा होणं अगदी बंद झालेलं नाही, पाऊस पडून सगळे आत कोंडले की होतंच. पण रोजचं राहिलेलं नाही.

हात सुकवायच्या यंत्राचाही असाच त्रास आहे, ते मात्र माझ्या हातात नाही. कागदी रुमाल देतोय सध्या.

घरच्यांना वहीतली पानं दाखवली. आई म्हणाली, मिक्सर लावला की घरीही तसंच करतो. कानांच्या तपासणीला तयार झालेत.

कवडसा

"घरीही तसंच करतो" हे आईच्या तोंडून आलं, म्हणजे अर्धी लढाई जिंकलीत.

अबोली_३

तिसऱ्या मुलीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लॉगिन झाले. वर्गात न बोलणारी मी होते.

घरी बोलणं आणि शाळेत अजिबात न बोलणं, हे शाळेत रुळायचा पहिला महिना उलटल्यावरही चालू राहिलं तर त्याला सिलेक्टिव्ह म्यूटिझम म्हणतात. मानसविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात २०१३ पासून ते चिंतेच्या विकारांमध्ये मोडतं. लोकांना वाटतं मूल हट्टी आहे, किंवा लाजाळू आहे. बोलायचं असतं हो. घसा आवळतो. सगळे बघायला लागले की जास्तच.

माझ्याबाबतीत सगळ्यात वाईट काय होतं सांगू? "आज बोललीस तर चॉकलेट". त्याहून वाईट म्हणजे एकदा पुटपुटले तर आख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मी कितीतरी दिवस ओठ हलवले नाहीत. ती बोलली तर काहीच झालं नाही असं दाखवून उत्तर द्या आणि पुढे चला.

हजेरीला "हजर" म्हणायची सक्ती नको, हात वर केला तरी चालेल असं सगळ्यांनाच सांगा, म्हणजे ती एकटी पडणार नाही. बाथरूमला जायचं असेल तर दाखवायला कार्ड द्या. ही फार महत्त्वाची गोष्ट आहे, मुलं दिवसभर दाबून ठेवतात.

उच्चारण

अबोली, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. यात थेरपिस्ट काय करतात ते थोडक्यात: शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मूल आणि आई दोघंच खेळतात. तिथे मूल आईशी बोलायला लागलं की बाई दार उघडं ठेवून लांब आपलं काम करत बसतात. मग थोड्या जवळ. मग त्याच खेळात, आधी काही न विचारता. घाई केली की परत मागे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, माणूस किंवा जागा.

पण शाईपेन, त्या घरात वर्गापेक्षा वेगळी भाषा बोलतात का? नवी भाषा कानावर पडायला लागली की काही महिने मुलं नुसती ऐकतात, ते सर्वसाधारण आहे. ती मुलं खुणा करतात, खेळात शिरतात. ही गोठल्यासारखी होते का, हे बघा. आणि कुठल्याही परिस्थितीत घरची भाषा सोडा असं सांगू नका. दोन भाषांनी बोलणं खुंटतं हा समज पार जुना आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांतही तो खरा ठरलेला नाही.

शाईपेन

घरची भाषा हीच आहे. आणि हो, गोठते. हात हवेत तसाच राहतो. हजेरीचं उद्यापासूनच करते.

उच्चारण, अजून एक विचारायचं राहिलं. डाउन सिंड्रोमवाल्या मुलीला थेरपिस्टनी हातांच्या खुणा शिकवल्यात. आजीला भीती वाटते की खुणांची सवय लागली तर ती बोलणारच नाही.

उच्चारण

ही भीती प्रत्येक घरात असते आणि ती बिनबुडाची आहे. २००६ साली खुणा-चित्रं वापरणाऱ्यांवरच्या अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. ज्या २७ जणांचा पुरावा भक्कम धरला होता, त्यांच्यापैकी एकाचंही बोलणं खुणांमुळे किंवा चित्रांमुळे कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं वाढलं होतं, कुणाचं थोडं, कुणाचं जास्त. मॅकॅटॉन ही खुणांची पद्धत मार्गारेट वॉकर यांनी १९७० च्या दशकात बसवली. तिच्यात खूण करताना तोंडाने शब्द बोलायचाच असतो. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना ऐकलेलं लक्षात ठेवण्यापेक्षा बघितलेलं लक्षात ठेवणं सोपं जातं, त्यामुळे खूण हा शब्दापर्यंत जायचा आधार होतो. शब्द नीट जमला की बहुतेक मुलं ती खूण स्वतःच सोडतात.

पण खुणा फक्त तिला नि तुम्हाला येऊन भागत नाही. "आणखी", "संपलं", "मदत", "थांब", "माझी पाळी" एवढ्या तरी सगळ्या वर्गाला शिकवा. मुलांना गुप्त भाषा शिकल्यासारखी मजा येते, एका दिवसात उचलतात.

खडूस_काका

नातवाला "संपलं" ची खूण येते आहे. काल जेवताना मलाच करून दाखवली. शाळेत कुणीतरी असंच शिकवलं म्हणे. असो.

तिसरीघंटा

काका :D

वाटसरू

गोल करून बसायच्या वेळेबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही. बालवर्गातला सगळ्यात फाजील महत्त्व मिळालेला प्रकार! सगळ्यांनी एकाच जागी, हात बांधून, बाईंकडे बघत बसणं म्हणजेच लक्ष देणं, असं आपण धरून चाललोय. पुष्कळ स्वमग्न मुलांना एका वेळी बघणं आणि ऐकणं झेपत नाही, ती खाली बघतात तेव्हाच नीट ऐकतात. "माझ्याकडे बघ" हे वाक्य माझ्या मते बालवर्गातून हद्दपार करावं. हातात काहीतरी चाळायला द्या, कडेला बसू द्या, मधेच उठून जायची आणि परत यायची मुभा द्या. आणि वेळ कमी करा. तीन वर्षांचं कुठलंही मूल अर्धा तास गोलात बसण्यासाठी बनलेलं नाही.

कवडसा

सहमत. पण उठून जायची मुभा "जा तिकडे" सारखी वाटू नये. माझ्या मुलाला कोपऱ्यात उशा टाकून "शांत जागा" करून दिली होती आणि काही दिवसांनी त्रास दिला की त्याला तिथेच पाठवायला लागले. जी जागा आसरा होती तीच शिक्षा झाली. त्या कोपऱ्यात जायचं की नाही हे मुलानेच ठरवायचं, आणि इतर मुलांनाही तिथे जाता आलं पाहिजे.

शाईपेन

हे लिहून ठेवलं. आमच्याकडे शॅडो टीचर (एकाच मुलासोबत राहणारी जादा शिक्षिका) ठेवायचं चाललंय, पैसे पालकांनी द्यायचे असं. कुणाचा अनुभव?

कवडसा

पैशांचा भाग बाजूला ठेवते, कारण त्यावर वेगळा धागा लागेल आणि माझा रक्तदाब वाढेल. शॅडो टीचर मुलाच्या बाजूला चिकटून बसली की बाकीची मुलं मुलाशी न बोलता तिच्याशीच बोलतात: "याला खेळायचंय का?" वर्गाच्या बाईसुद्धा हळूहळू तेच करतात. तिला पहिल्या दिवशी सांगा की ती वर्गाची आहे. अधूनमधून तिने पंचवीस मुलांकडे बघावं आणि तुम्ही त्या एकाजवळ बसावं. बटण लावताना मूल धडपडत असेल तर तिने हात मागे ठेवून थांबावं.

अबोली_३

पुढच्या वर्षी ही मुलं वरच्या वर्गात जाणार ना? नव्या बाईंना पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं आणि कुणीच वाचत नाही.

तिसरीघंटा

जाड फाइल कुणीच वाचत नाही. आम्ही एका कागदावर देतो, पुढेमागे नाही, एकाच बाजूला. वर मुलाचा फोटो. मग त्याला काय आवडतं, तो "हो", "नको" आणि "मदत" कसं सांगतो, कशाने बिघडतं, बिघडल्यावर काय केलं की बरं वाटतं, आणि काय मुळीच करायचं नाही. शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी पडतो. घरच्यांनी वाचून "बरोबर" म्हटल्याशिवाय पुढे जात नाही, त्यामुळे निदानाचं नाव लिहायचं की नाही तेही तेच ठरवतात. जमलं तर मुलाला सुट्टीआधीच नव्या खोलीत दोन-चारदा नेऊन आण, नव्या बाईंचा, नव्या दाराचा आणि नव्या बाथरूमचा फोटो घरी दे. सुट्टीत घरचे दाखवत राहतात.

शाईपेन

नमुना असेल तर टाकशील का? नाव-फोटो काढून.

तिसरीघंटा

व्यनि (खासगी निरोप) केलाय.